काचेवर काहीच नव्हतं

अण्णा, खालच्या मजल्यावरची मुलगी परवा शास्त्राचं पुस्तक घेऊन वर आली. दहावीला आहे. तिच्या बाईंनी पुरुषाच्या प्रजननसंस्थेचा भाग 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला, आणि घरी वाचायचा म्हणजे कुणाजवळ, तर माझ्याजवळ. पुस्तकातली आकृती पुसट होती, म्हणून मी कागद घेतला आणि काढून दाखवली. दोन वृषण, ते पोटात नसून बाहेर पिशवीत का, तर शरीराची ऊब शुक्रपेशींना सोसत नाही. त्यांच्या मागे चिकटलेली वेटोळ्याची नळी, तिथे त्या पेशी पक्व होतात. तिथून वर चढणारी शुक्रवाहिनी, ती ओटीपोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते आणि मागे उतरते. मग शुक्राशय, मग प्रोस्टेटची गाठ, मग मूत्रमार्ग. मुलगी लाजली नाही, मीही लाजले नाही. आयुष्यभर हे वर्गात उभं राहून शिकवलं आहे. नसबंदी कुठे करतात ते दाखवायला मी शुक्रवाहिनीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लगेच बंद होतं का आजी?" मी तिला उत्तर दिलं, तिने वहीत लिहून घेतलं आणि ती गेली. मी मात्र कागद पुढ्यात घेऊन बसून राहिले. याच प्रश्नापासून सुरू झालेलं एक प्रकरण बोईसरच्या तुमच्या दवाखान्यात आलं होतं, आणि त्यात तुम्ही दिलेल्या उत्तरावरून मी तुमच्याशी जे एकदाच भांडले ते भांडण अजून माझ्या बाजूने मिटलेलं नाही.

तुम्हाला आठवत असेल तसं सांगते. मी बी.एस्सी. होऊन मुंबईहून परत आले होते, पालघरच्या शाळेत नोकरी लागायची होती, आणि तोवर दवाखान्यात तुमच्या हाताखाली हिवताप तपासायला रक्ताच्या काचा रंगवत होते. दोन खोल्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत बाकं आणि मिक्श्चरच्या बाटल्या, मागच्या खोलीत तुमचं टेबल, आणि त्या टेबलाच्या पलीकडे लाकडी फळीच्या आडोशामागे खिडकीजवळ मायक्रोस्कोप. तिथे माझी जागा. स्टेशनामागे गवताच्या गंजी असायच्या, त्यांचा वास खिडकीतून येत राहायचा आणि माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. तारापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. घाटावरून माणसं आली, गावातल्या लोकांनी आपल्या वाड्यांत कौलारू खोल्यांच्या रांगा बांधून त्या भाड्याने दिल्या. तुमच्याकडे पूर्वी दातिवऱ्याकडचे मासेवाले आणि डोंगरातले लोक यायचे, त्यांत आता फिटर, वेल्डर, गवंडी मिसळले. तुम्ही प्रत्येकाशी सारख्याच सावकाशीने बोलायचात. मला ते तेव्हाही संथ वाटायचं, पण तुमच्या हातून औषध कधी चुकलं नाही, आणि शब्दही नाही. शब्द चुकणं तुम्ही औषध चुकण्याइतकंच वाईट मानायचात.

त्याच हिवाळ्यातली स्वयंपाकघरातली एक रात्र मला नीट दिसते. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात आणि मी कॉलेजमधल्या कोंबड्याच्या विच्छेदनाबद्दल बोलते आहे. पक्ष्यांचे वृषण शरीराच्या आतच असतात, माणसाचे बाहेर, असं मी म्हणते, आणि आईचा हात परातीत थांबतो. तुम्ही बोलता. "विषय शास्त्राचा आहे, पण जागा जेवणाची आहे." आवाज न चढवता. अशा गोष्टींना जागा असते, वेळ असते, कुणी कुणापुढे बोलायचं ते ठरलेलं असतं, हा तुमचा नियम होता. तो नियम मी तेव्हा बिनतक्रार मानला, कारण त्यात मला फक्त माझी अडचण दिसत होती.

दिवाळीनंतर पालघरला कुटुंबनियोजनाचं शिबिर लागलं. बांधकामावरच्या पुरुषांना तयार करायला तुम्हीच बाकांवर बसवून समजावलंत, आणि मी आडोशामागून ऐकत होते. हे सगळे शेतकऱ्यांचे मुलगे. त्यांना माहीत होतं ते बैलाचं. गावात खोंड बडवताना, म्हणजे त्याचे वृषण ठेचताना, प्रत्येकाने पाहिलेला. एक फिटर, साताऱ्याकडचा, तीन मुलांचा बाप, सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "आमच्यात बैल बडवत्यात, तसंच का डॉक्टर?" बाकीचे हसले, एकाने त्याला तुझं काय बडवायचं राहिलंय असंही म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सांगितलंत, बैलाचा कारखानाच मोडतात; इथे कारखाना चालू राहतो, एक अरुंद रस्ता तेवढा बंद करतात. दाढीमिशी, आवाज, अंगातली रग, इच्छा, हे सगळं वृषणातून थेट रक्तात जातं, त्या नळीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि बाहेर जे येतं त्यातला बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींचा असतो, त्यामुळे दिसायलाही फरक पडत नाही. फिटर विचार करून म्हणाला, "मग बंद झालं का न्हाई ते कळायचं कसं?" तुम्ही म्हणालात, ते तिथे सांगतील. तुमच्या शब्दावर तो गेला. तुमच्या शब्दावर पाच-सहाजण गेले.

तिथे त्यांना सांगितलंही. पुढचे काही महिने जपून राहा म्हणून रबराची पाकिटंही दिली. पण ऑपरेशन झाल्यावर ते वापरायचं कशाला, असं त्या सगळ्यांना वाटलं. ती पाकिटं ऑपरेशनला भ्याले त्यांच्यासाठी असणार, आपण तर धीर केला, असा त्यांचा हिशोब. ज्याने टाके घालून घेतले त्याला ते पाकीट वापरणं कमीपणाचं वाटत होतं. खोल्यांच्या मालकीणबाईंच्या नातवंडांनी त्याचे फुगे करून बांधावर उडवले, ते मी स्वतः पाहिले, आणि मला हसूही आलं.

होळीच्या आधी ती आली. फिटरची बायको. माझ्याएवढीच असेल, किंवा एखाद-दोन वर्षांनी मोठी. बरोबर मालकीणबाई. तुम्ही नाडी पाहिलीत, काय विचारायचं ते मालकीणबाईंमार्फत विचारलंत आणि सांगितलंत की दिवस गेले आहेत. मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि मग तो काढला. "आमी काय बोलनार डॉक्टर? तिच्या नवऱ्याचा तर जीप घेऊन गेले नि करून आनला. सगल्यांनी बघला हाय." एवढं बोलून त्या तिला तिथेच टाकून वाडीकडे निघून गेल्या. ती बाहेर पडवीच्या पायरीवर बसली. मी पाण्याचा पेला घेऊन गेले. तिने पेला हातात धरला, पाणी प्यायली नाही. म्हणाली, "ताई, मी कुटं गेली न्हाई, कुनाकडं बघितलं न्हाई. मग हे कसं झालं?"

ती मला निर्दोषपणाचा दाखला मागत नव्हती, अण्णा. तिला खरंच कळत नव्हतं. आपल्या पोटात हे कुठून आलं याचीच तिला भीती वाटत होती. मी तिथल्या तिथे सांगितलं. रस्ता तोडला तरी त्याच्या पुढच्या भागात आधी भरून राहिलेलं असतं, ते संपायला काही महिने लागतात, त्या अवधीत दिवस राहू शकतात, राहतात. ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल होत गेला. मग म्हणाली, "हे तुमी ह्यांना सांगा. माझं कोन ऐकनार? डॉक्टरांचं ऐकत्यात."

मी आत येऊन तुम्हाला सांगितलं. त्याला आजच बोलावून घ्या, मायक्रोस्कोपखाली पाहा. एक जरी शुक्रपेशी दिसली तरी प्रश्न मिटला. तुम्ही म्हणालात, बोलावून आणलेला माणूस ऐकत नाही, त्याचा तो येऊ दे. मी म्हटलं, तोवर जे असेल ते संपेल. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, आपण काही कोर्ट नाही. आणि हे बायकांच्या निरोपावरून बोलायचं नसतं, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला ऐकू आलं. रोज संध्याकाळी मी विचारायची, आला का. आला नव्हता. तो जोडपाळ्या करत होता, खोलीवर झोपायलासुद्धा येत नव्हता, असं कळत होतं. विहिरीवर तिला पाणी भरू देत होते, पण तिच्याशी बोलत नव्हते. मी एकदा वाडीवर गेले तर मालकीणबाई मला म्हणाल्या, "तू शिकलेली हायस, तुला समदा खरा वाटतो. लग्न नाय झाला तुजा." मी त्यांनाही सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला शहाळं फोडून दिलं.

तो आला तेव्हा चैत्र लागला होता. तुम्ही मला नजरेने आत जायला सांगितलंत आणि मी आडोशामागे जाऊन उभी राहिले. फळीला फट नव्हती. मला फक्त आवाज येत होता. तुम्ही कागदावर आकृती काढत होता, पेन्सिलीचा आवाज येत होता. तो फिटर, म्हणून तुम्ही नळाच्याच भाषेत सांगितलंत. वरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या पाइपात पाणी उरतं. तो लगेच म्हणाला, "हां, असतंय की. लाइन रिकामी व्हायला टाइम लागतोच." इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं संपलं, आता हा उठेल, वाडीवर जाईल आणि सगळ्यांदेखत सांगेल. पण तो उठला नाही. मग त्याने विचारलं.

"तुमी एकच सांगा डॉक्टर. प्वार माजं हाय का?"

तुम्ही म्हणालात, "असू शकतं."

अण्णा, मी फळीला हात टेकून उभी होते. 'असू शकतं.' मायक्रोस्कोपसमोर तो शब्द बरोबरच होता. मी उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुण दिले असते. पण त्या माणसाने तुमच्याकडून शास्त्र मागितलंच नव्हतं. वाडीवर परत जाताना तोंडात धरायला त्याला एक वाक्य हवं होतं, आणि तुम्ही त्याला अर्धंच दिलंत. तो म्हणाला, "म्हंजी नसू बी शकतं." तुम्ही ते खोडलं नाहीत. मग त्यानेच तपासायचं विचारलं. तुम्ही बजावलंत: आता फार उशीर झाला आहे, दिसलं तर उत्तम, नाही दिसलं तर त्यावरून काहीही ठरत नाही, त्याचा अर्थ एवढाच की आज लाइन रिकामी आहे. 'आज' या शब्दावर तुम्ही जोर दिलात. तो व्हय व्हय म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आला. मला तुम्ही पुढच्या खोलीत पाठवलंत आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या जागेवर तुम्ही बसलात. मी बाटल्यांना कागदी खुणा चिकटवते आहे, आतून काच सरकवल्याचा बारीक आवाज येतो आहे, थांबतो आहे, पुन्हा येतो आहे. तुम्ही घाई केली नाहीत, हे मी नेहमी कबूल करीन. मग तुमचा आवाज आला, "काही दिसत नाही." त्यानंतर तुम्ही त्याला तेच पुन्हा समजावलंत, काल सांगितलेलं, तसंच, उलट आणखी सोपं करून. पण माझ्यासमोरून तो गेला तेव्हा त्याच्या खांद्यांकडे पाहूनच मला कळलं की त्याने पहिलं वाक्य ऐकलं आणि मग ऐकणं बंद केलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, आपल्यात काही नाही. आपल्यात काही नाही तर पोर कुठून आलं. ऑपरेशन नीट झाल्याचा पुरावा तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. रिकाम्या काचेचा असा अर्थ लावणारा तो एकटा नव्हता. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीने तोच अर्थ लावला होता.

तुम्ही जेवायला गेल्यावर मी ती काच पुन्हा लावली. ती कडेने सुकायला लागली होती. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, एकेक पट्टा करत पुढे सरकले, हिवतापाच्या काचेवर पाहायला तुम्हीच शिकवलं होतं तसं. मेलेली चालली असती, शेपूट तुटलेली चालली असती. काही नव्हतं. कदाचित ती पायरीवर बसली होती त्या दिवशीसुद्धा काही मिळालं नसतं. तेही आज मला दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा तुम्ही परत आलात आणि मी उभी राहिले. म्हटलं, "तुझंच आहे, असं म्हणाला असतात तर काय झालं असतं?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "तिला माहीत होतं. तिला कुणी विचारलं का?"

तुम्ही पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, आणि म्हणालात, "प्रत्येक बाई तेच सांगेल."

रागाने नाही. थकून म्हणालात. कदाचित दुपारच्या उन्हातून चालत आल्यामुळे असेल. त्यानंतर तुम्ही माझ्याशी नेहमीसारखंच वागलात, पालघरच्या शाळेची नेमणूक आली तेव्हा माझ्यासाठी घडीची छत्री आणलीत, मी ती वापरली. पण त्या वाक्यानंतर मी तुमच्याशी कुठल्याही पेशंटबद्दल बोलले नाही, आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. दर वेळी वाटायचं, आज विचारतील. माझ्या मनात वाद तयार होता, एकेक मुद्दा. शब्द चुकू न देणारा माणूस ते वाक्य बोलला, याचा मला धक्का बसला होता. म्हणजे 'असू शकतं' हे नुसतं शास्त्र नव्हतं. त्यात थोडी शंकाही होती, वाडीवरच्यासारखीच, फक्त स्वच्छ भाषेत. असं मी ठरवलं. ते बरोबर होतं की नाही, हे विचारायला पुढे तुम्ही राहिला नाहीत.

त्याच आठवड्यात त्याने तिला माहेरी नेऊन घातलं. तिन्ही मुलं ठेवून घेतली, गावाहून त्याची आई आली. ती जाताना स्टेशनाकडे दवाखान्यावरूनच गेली असणार. मी त्या वेळी काय करत होते ते मला आठवत नाही, आणि ते न आठवणं मला बरं वाटत नाही.

आता तुम्हाला माहीत नाही ते. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. मी शाळेच्या कामाने बोईसरला आले होते आणि बाजारात ती दिसली. सुक्या बोंबलांच्या टोपलीशी उभी राहून भाव करत होती. मी ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं. त्याने तिला परत आणलं होतं. कुणी समजावल्यामुळे नाही; त्याच्या आईला झेपेना, धाकटी सारखी आजारी पडू लागली, म्हणून. आता ती सालवडला राहत होती, तिथे मागचं कुणाला माहीत नव्हतं. तिच्या कडेवर मुलगा होता, तीनेक वर्षांचा, नाकाला शेंबूड, हातात लिमलेटची गोळी. मी न विचारता तिने सांगितलं, "पोराला जवळ घेत न्हाईत ताई. पन हाकलत बी न्हाईत." भाजी महाग झाली असं सांगावं तशा आवाजात. मी म्हटलं, तुमचं खरं होतं, मला तेव्हाही ठाऊक होतं. ती माझ्याकडे जरा नवलाने पाहत राहिली. म्हणाली, "मला बी ठावं हुतं की." तिला ते कुणाकडून ऐकण्याची गरज उरलेली नव्हती, किंवा कधीच नव्हती. तुमचीही तिने चौकशी केली. गेले म्हटल्यावर म्हणाली, चांगले होते, सावकाश बोलायचे.

तेवढ्यात तो सायकल हातात धरून आला, सामान न्यायला. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आडोशामागून ऐकलेला तो आवाज होता, दारातून गेलेली ती पाठ होती. त्याने मला नमस्कार केला, बहुधा शाळेतली कुणी बाई समजून, आणि पिशवी हँडलला अडकवायला वाकला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मुलाच्या तोंडाकडे. कपाळ, भुवया, वरचा ओठ. मग पुन्हा त्याच्याकडे. ती माझ्याकडे पाहत होती. तिने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पदर ओढून त्याचा चेहरा माझ्यापासून झाकला, अगदी सवयीने, ऊन लागत असल्यासारखा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वर्गात मी मुलींना त्या बाईची गोष्ट नाव-गाव न सांगता अनेकदा सांगितली, आणि त्या गोष्टीत आडोशामागची शिकलेली मुलगी नेहमी बरोबर असायची. गोष्ट मी दर वेळी ती माहेरी जाते तिथेच संपवली. पुढचं तुम्हाला लिहिते आहे, कारण हा कागद घडी घालून ठेवण्यापलीकडे त्याचं काही करता येणार नाही. तुमच्यावरचा राग मी सोडणार नाही. इतक्या वर्षांनी तो सोडणं खोटं होईल. पण त्या दिवशी बाजारात मी बोलत होते एक आणि करत होते दुसरंच, अण्णा. मी जुळवून पाहत होते.